घाम इकडं, मत तिकडं: अमेरिकी शहरांची पुस्तकं तेलगावातून वाचताना

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक चांगलं भारदस्त होतं: ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्थलांतरितांचे राजकीय समावेशन’. सैद्धांतिक चौकट म्हणून रॉबर्ट डाल, सोबतीला शिकागो स्कूल, शेवटी भरगच्च संदर्भसूची. प्रेझेंटेशनच्या वेळी समितीतल्या एका सरांनी मला तिसऱ्या स्लाइडलाच थांबवलं.

“तुमचा हा माणूस मतदान कुठं करतो?”

“गावाकडं, सर.”

“आणि राबतो कुठं?”

“सांगली, कोल्हापूर, काही जण कर्नाटकात.”

“मग डालच्या शहरातला माणूस मतदान कुठं करत होता?”

मला उत्तर देता आलं नाही. डाल आपण वाचलाय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी त्याचा सारांश वाचला होता, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी थिसिसमधला. सिनॉप्सिस परत आला. त्यानंतर मी ती पुस्तकं नीट वाचली, आणि काही वाचन तर तेलगावात बसूनच झालं. आजचा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा मला एकच प्रश्न असतो: “दादा, थिअरी कोणती लावू?” हा ‘लावू’ शब्दच मला खटकतो. भिंत आधीच उभी आहे, वरून फक्त गिलावा लावायचाय, असं काहीतरी त्यात येतं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधलं स्थलांतर, विषमता आणि राजकारण यावर शंभर वर्षांचं लिखाण पडलेलं आहे, आणि आपल्याकडचे स्थलांतरावरचे प्रबंध त्यातले शब्द सर्रास उचलतात. शब्द उचलायला हरकत नाही. पण त्या शब्दांच्या पोटात कोणतं गृहीतक बसलंय, हे तपासल्याशिवाय उचलू नका, एवढंच मला सांगायचंय.

डाल नेमकं काय म्हणतो

‘हू गव्हर्न्स?’ हे पुस्तक १९६१ चं. डाल येल विद्यापीठात शिकवायचा आणि हे विद्यापीठ ज्या न्यू हेवन शहरात आहे, त्याच शहराचा त्यानं अभ्यास केला. प्रश्न साधा होता: मत सगळ्यांना सारखं आहे, पण पैसा, शिक्षण, प्रतिष्ठा सारखी नाही. अशा ठिकाणी खरी सत्ता कुणाची?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग स्थलांतरितांबद्दल आहे. आयरिश, इटालियन वगैरे गट तीन टप्प्यांतून जातात, असं डाल म्हणतो. पहिल्या टप्प्यात जवळजवळ सगळा गट कष्टकरी असतो. सगळ्यांचे प्रश्न सारखे, म्हणून मतही एकगठ्ठा. दुसऱ्या टप्प्यात गटातले काही जण कारकून, दुकानदार, वकील होतात आणि गटाचा स्वतःचा उमेदवार उभा राहतो. १९४५ मध्ये इटालियन वंशाचे विल्यम सेलेंटानो न्यू हेवनच्या महापौरपदी निवडून आले, ते याच प्रकारचं उदाहरण. तिसऱ्या टप्प्यात गटातच श्रीमंत-गरीब अशी विभागणी इतकी होते की वंशाच्या नावावर मत मागणं अनेकांना जुनाट वाटायला लागतं.

आता ही साखळी बघा. माणूस शहरात येतो, काम करतो, नागरिक होतो, मतदार होतो. पक्षाला वॉर्डात मतं हवी असतात, म्हणून पक्ष त्याला नोकरी, ठेका, उमेदवारी देतो. गट वर सरकतो. विषमता संपत नाही, पण पैसा एका गटाकडं आणि मतं दुसऱ्या गटाकडं असं विभागलं जातं, आणि मतं असणाऱ्याला घासाघीस करता येते.

या साखळीतली एक कडी डालनं वेगळी सांगितलेली नाही, कारण त्याला ती सांगण्याची गरजच वाटली नसावी. माणूस जिथं राबतो तिथंच राहतो आणि तिथंच मत देतो, ही ती कडी. न्यू हेवनमध्ये हे इतकं उघड होतं की ते गृहीतक आहे हे लक्षातही येत नाही. सरांनी मला विचारलं होतं ते या कडीबद्दल.

अमेरिकेतच ही कडी किती पक्की होती

इथं घाई करून ‘पाश्चात्त्य सिद्धांत भारताला लागू पडत नाहीत’ असं वाक्य लिहू नका. हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. आधी बघा, अमेरिकेतच हे कितपत लागू पडत होतं.

डालच्या टप्प्यांवर पहिला मोठा आक्षेप चारच वर्षांत आला. रेमंड वुल्फिंगरनं १९६५ मध्ये दाखवलं की गट मध्यमवर्गीय झाला म्हणून वंशाच्या नावावरचं मतदान ओसरत नाही. उलट, मध्यमवर्ग तयार झाल्यावरच आपल्या गटाचा दमदार उमेदवार मिळतो, आणि तेव्हा ते मतदान जोर धरतं. पुढं १९८८ मध्ये स्टीव्हन एरीनं ‘रेनबोज एंड’ या पुस्तकात दुसरा मुद्दा काढला. न्यूयॉर्कचा टॅमनी हॉल म्हणजे आलेल्या प्रत्येकाला हात देणारं यंत्र, हे चित्र त्याला मान्य नाही. त्या यंत्रानं सुरुवातीला आयरिश लोकांना नागरिकत्वाचे कागद करून दिले, मतदार केलं, हे खरं. पण आयरिश एकदा आत बसल्यावर वाटायला नोकऱ्या कमी आणि मागणारे जास्त झाले. मग नंतर आलेल्या ज्यू, इटालियन लोकांना मतदार करण्याचा उत्साह मावळला. जिंकायला पुरेशी मतं हातात असताना नवे वाटेकरी कोण वाढवेल?

म्हणजे ‘स्थलांतरित मतदार होतो’ ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. कुणीतरी ती घडवतं, कुणीतरी अडवतं. शिकागोचं बघा. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्याआधी मतदार नोंदणीची मोठी मोहीम झाली होती. निवडून आल्यावरही नगरपरिषदेत बहुमत विरोधकांचं होतं. वॉर्डांच्या हद्दी न्यायालयामुळं नव्यानं आखल्या गेल्या, १९८६ मध्ये काही वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा कुठं त्यांना कारभार करता आला. लोक तेच होते. त्यांची मतं कुठं मोजली जातात, ते बदललं.

आणि नागरिक नसलेल्यांचं काय? एके काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नागरिक नसलेल्यांनाही मत देता येत होतं. १९२६ पर्यंत ते सगळीकडं बंद झालं. न्यूयॉर्क शहरानं २०२१ मध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगर-नागरिकांना शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा कायदा केला. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. तेव्हा घाम एका ठिकाणी आणि मत दुसऱ्या ठिकाणी ही अवस्था अमेरिकी शहरातही आहे. फक्त तिथं माणूस आणि मत यांच्यामध्ये देशाची सीमा येते. आपल्याकडं काय येतं?

तेलगावच्या चौकात

तेलगाव धारूर तालुक्यातलं गाव. इथून एक रस्ता माजलगावला, एक धारूरला, एक सिरसाळ्यावरून परळीला आणि एक वडवणीवरून बीडला जातो. गावालगत सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. माजलगाव धरणाचं पाणी ज्या पट्ट्याला मिळतं तिथं ऊस, आणि बालाघाटाच्या अंगाला कोरडवाहू. हे दोन्ही इथं हाकेच्या अंतरावर आहेत.

दिवाळीच्या आगेमागे या चौकात थांबलात तर दोन्ही दिशांची वाहतूक दिसते. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून टोळ्या पश्चिमेकडं निघालेल्या असतात: धान्याची पोती, भांडी, कोपीचं सामान, वर लेकरं. आणि थोड्याच दिवसांत उसानं भरलेल्या गाड्या कारखान्याकडं वळायला लागतात. म्हणजे याच परिसरात ऊस तोडायला माणसं लागतात आणि याच परिसरातून ऊस तोडायला माणसं शेकडो किलोमीटर लांब जातात. ‘बीड हा स्थलांतर करणारा जिल्हा’ असं एका ओळीत लिहिताना हे दिसत नाही. जिल्हा हे एकक घेतलं की आतला फरक पुसला जातो, ही पहिली नोंद करून ठेवा.

टोळीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम घेतो आणि हंगामाआधी जोडीला उचल देतो. ती उचल टनावर फेडायची. एखादा दिवस काम बुडालं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. परत आल्यावर उचल फिटलेली नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

आता यात डालची साखळी बसवून बघा. माणूस काम करतो कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या शिवारात. पाणी, दिवाबत्ती, संडास, लेकरांची शाळा, आरोग्य केंद्र हे सगळं त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या हातात. तिथल्या सरपंचाला या माणसाचं मत मिळणार नाही, म्हणून त्याला भीती नाही आणि गरजही नाही. मत आहे धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या गावात, जिथं हा माणूस निम्मं वर्ष नसतो.

कायद्यानंही हे असंच ठेवलंय. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणं मतदार यादीत नाव सामान्यतः जिथं राहता तिथं लागतं, आणि तात्पुरतं बाहेर गेल्यानं ते राहणं तुटत नाही. हे चांगलंच आहे, नाहीतर नावच उडालं असतं. पण त्याचा परिणाम असा की मत गावाला खुंटीला टांगून ठेवलेलं असतं आणि निवडणूक आली की माणसाला मताकडं यावं लागतं. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुका फेब्रुवारीत झाल्या, म्हणजे ऐन हंगामात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला, हंगामाच्या तोंडावर. अशा वेळी उमेदवार फडावर गाड्या पाठवतात, मतदार गावाला आणतात, मतदान झालं की परत सोडतात.

टॅमनी हॉल आलेल्या माणसाला शहरात मतदार करत होता. आपल्याकडची गाडी माणसाला कामाच्या जागेवरून उचलून गावात मतदार करते. दोन्हीकडं यंत्र आहे, दोन्हीकडं मध्यस्थ आहे. पण पहिल्या यंत्रामुळं माणसाचं वजन कामाच्या जागी वाढतं. दुसऱ्यामुळं तिथं काहीच वाढत नाही. हा फरक ‘राजकीय समावेशन’ या एका शब्दाखाली मी झाकून टाकला होता.

शहरात गेलेल्यांचंही हेच. कोयता नको म्हणून भोसरी, चाकणला गेलेली आणि कंपनीत ठेकेदाराकडं लागलेली पोरं आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असतील. भाड्याची खोली, वर्षानुवर्षं तिथंच, आणि मत गावाला. निवडणुकीच्या आदल्या रात्री पुण्याहून सुटणाऱ्या गाड्या कशा भरून येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मग भोसरीतल्या त्या गल्लीत पाणी किती वेळ येतं, यावर त्यांच्या मताचा परिणाम कसा होणार?

भारतावरची नवी पुस्तकं

इथं तुम्ही म्हणाल, डाल जुना झाला, आता भारतावर चांगलं काम झालंय. झालंय, आणि ते वाचायलाच हवं.

अॅडम ऑरबाख आणि तारिक थचिल यांचं ‘मायग्रंट्स अँड मशीन पॉलिटिक्स’ हे २०२३ चं पुस्तक जयपूर आणि भोपाळमधल्या झोपडवस्त्यांवर आहे. वस्तीतला पुढारी वरून लादलेला दलाल असतो, हा समज त्यांनी मोडून काढला. वस्तीतले लोक कोणता पुढारी मानायचा हे स्वतः ठरवतात, त्याचं शिक्षण, त्याची कामं करून आणण्याची ताकद तपासतात, आणि काम झालं नाही तर दुसऱ्याकडं वळतात. आपल्याकडं मुकादमाला एकतर खलनायक किंवा ‘सामाजिक भांडवल’ करून टाकण्याची सवय आहे. या पुस्तकातून निदान विचारावं कसं हे शिकता येतं: मुकादमाला कोण निवडतं, त्याला कोण बदलू शकतं? पण उचल घेतलेला माणूस मुकादम बदलू शकतो का? वस्तीतल्या पुढाऱ्यावर नाराज माणूस शेजारच्या पुढाऱ्याकडं जातो. उचल अंगावर असलेल्या माणसाला ती वाट इतकी मोकळी नसते. त्यात हे पुस्तक स्थिरावलेल्या वस्त्यांचं आहे. तिथला माणूस मतदार आहे. आपली कडी तिथं शाबूत आहे.

निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांचा २०२१ चा लेख या कडीवरच हात ठेवतो. दिल्ली आणि लखनौमध्ये त्यांनी घरोघरी जाऊन स्थलांतरितांना शहरात मतदार नोंदणीसाठी मदत करण्याचा प्रयोग केला. नोंदणीचं प्रमाण २४ टक्के बिंदूंनी आणि पुढच्या निवडणुकीतलं मतदान २० टक्के बिंदूंनी वाढलं. म्हणजे लोक उदासीन आहेत म्हणून नाव लावत नाहीत, असं नाही. कागदांची कटकट हीच मोठी भिंत आहे. भोसरीतल्या पोरांसाठी हा लेख कामाचा आहे. पण दर वर्षी नव्या फडावर, कधी नव्या जिल्ह्यात जाणाऱ्या जोडीनं नाव कुठं लावायचं?

निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, पक्षांच्या आक्षेपांमुळं तो पुढं गेला नाही. तो आला असता तर गाडी पाठवण्याची गरज कमी झाली असती, एवढं खरं. पण त्या यंत्रातलं मतही गावच्याच मतदारसंघात मोजलं जाणार होतं. फडावरच्या ग्रामपंचायतीला त्यानं काहीच फरक पडला नसता.

माझ्याच युक्तिवादाविरुद्ध

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. मग गावातल्याच एका जुन्या मुकादमानं मला जमिनीवर आणलं. ते म्हणाले, “मत तिकडं असतं तर आम्हाला कुणी विचारलंच नसतं. सगळे एका जागचे, म्हणून तर साहेब आमच्यासाठी बसायचे.”

त्यांचा मुद्दा खरा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या पन्नास गावांत विखुरलेले तोडणी कामगार तिथं मतदार झाले असते, तर प्रत्येक गावात मूठभर झाले असते. बीड, पाथर्डीच्या पट्ट्यात ते गठ्ठ्यानं आहेत. त्या गठ्ठ्याच्या बळावर आधी बबनराव ढाकणे, नंतर गोपीनाथ मुंडे असं नेतृत्व उभं राहिलं. हंगामाच्या तोंडावर ‘कोयता बंद’, मग साखर संघाशी बोलणी, पवार-मुंडे लवाद, आणि टनाचा भाव. हीच रीत पुढंही चालू राहिली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. तीही शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीतून.

मुंबईचा गिरणी कामगार आठवा. राजनारायण चंदावरकरांनी ‘दि ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया’ या १९९४ च्या पुस्तकात एक रूढ समज उलटा करून दाखवला. कामगाराचा गावाशी संबंध तुटत नाही म्हणून तो ‘कच्चा’ कामगार, असं म्हटलं जायचं. चंदावरकर म्हणतात, गाव होतं म्हणून तर संप ताणता यायचा. पगार बंद झाला की कोकणात, साताऱ्याला निघून जायचं. ऊसतोडीतही तेच. कोयता बंद होतो तो गावात असताना, उचल घेऊन निघण्याआधी. एकदा गाडीत बसलं की ताकद संपली.

तेव्हा मत गावाला असणं म्हणजे नुसता तोटा, असं मला आता म्हणता येत नाही. मी म्हणेन ते एवढं: गावच्या मतातून मिळतं ते आणि मिळत नाही ते, याची यादी करा. दर मिळतो. मुकादमाचं कमिशन ठरतं. महामंडळ मिळतं, मुंडे यांच्या नावानं झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं कार्यालय २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालं. गावाकडं मुलांसाठी वसतिगृहं मिळतात. मिळत नाही ते सगळं फडावरचं आहे: संडास, प्यायचं पाणी, बाळंतपणाची सोय, बिबट्याच्या भीतीनं रात्री दिवा. जे वर, राज्याच्या पातळीवर, एका बैठकीत ठरू शकतं ते मिळतं. जे खाली, कामाच्या गावात, रोज कुणीतरी करायला हवं ते मिळत नाही. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते तपासता येतं, खोटंही ठरू शकतं, आणि म्हणून ते प्रबंधात चालेल.

मग कोणतं अमेरिकी पुस्तक?

गंमत म्हणजे मला हवं होतं ते अमेरिकी लिखाणातच होतं. मी फक्त शहराच्या कपाटात शोधत होतो. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकोतून लाखो मजूर अमेरिकी शेतांवर कराराने आणले गेले. मायकेल बुरावॉयनं १९७६ च्या एका लेखात कॅलिफोर्नियातले हे शेतमजूर आणि दक्षिण आफ्रिकेतले खाणमजूर शेजारी ठेवले. त्याचं म्हणणं असं: मजूर रोज कामाला उभा राहावा यासाठीचा खर्च एका ठिकाणी होतो, आणि पुढची पिढी वाढवणं, म्हातारपण काढणं, बेकारीचे महिने काढणं याचा खर्च दुसऱ्या ठिकाणी, त्याच्या गावी. ही दोन ठिकाणं वेगळी ठेवली की मजुरी कमी देता येते. आणि ती वेगळी राहावीत यासाठी मजुराला कामाच्या जागी राजकीय हक्क नसणं गरजेचं असतं.

हे वाचल्यावर मला तेलगावचा चौक दिसला. शिकागोच्या इटालियन माणसापेक्षा कॅलिफोर्नियाचा ब्रासेरो आपल्या जोडीचा जवळचा नातेवाईक आहे.

पण इथंही ‘लावू’ नका. बुरावॉयचा मजूर एकटा जातो, बायकापोरं मागं राहतात. आपल्याकडं कोयता म्हणजेच जोडी. लेकरं बरोबर असतात, मागं राहतात ती म्हातारी माणसं. म्हणजे त्यानं ज्या दोन जागा वेगळ्या केल्या, त्यातली अर्धी दुसरी जागा कोपीतच आलेली आहे. पहाटे स्वयंपाक, दिवसभर मोळ्या, रात्री गाडी भरणं, आणि मधल्या वेळात तान्हं. या सगळ्याचा हिशेब टनात होतो, आणि टनाचे पैसे जोडीच्या नावानं, बहुतेकदा पुरुषाच्या हातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे आकडे आले ते आठवा: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. खाड्याची भीती बाईच्या शरीरापर्यंत कशी पोचते, हे बुरावॉयच्या चौकटीत मावत नाही. ती चौकट तिथं तुटते, आणि नवीन काही सांगायची जागा तुम्हाला तिथंच मिळते.

दुसरी एक गोष्ट बुरावॉयमध्ये नाही आणि आपल्याकडं आहे: १९६९ चा माथाडी कायदा. पुण्यातली हमाल पंचायत, मुंबईतली अण्णासाहेब पाटलांची संघटना यांच्या लढ्यांच्या काळात तो आला. त्यात कामगाराची आणि मालकाची नोंदणी मंडळाकडं होते, मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्य निर्वाह निधी वगैरे त्यातूनच. हमालाचं मत साताऱ्यात असो की बीडमध्ये, हक्क कामाच्या जागेला चिकटलेला आहे. याउलट आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता. बीडहून बेळगावला गेलेली जोडी त्यात, कोल्हापूरला गेलेली बाहेर. मत हलवता येत नसेल तर हक्क कामाला बांधता येतो का, हा प्रश्न डाल वाचून सुचत नाही. मार्केट यार्डात जाऊन सुचतो.

मोजणीचा घोळ

शेवटची गोष्ट आकड्यांची, कारण व्हायव्हात इथंच पकडतात. २०११ च्या जनगणनेची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, हंगामाच्या मधोमध. त्या पूर्ण काळात गावाबाहेर असलेला माणूस सापडला तर कामाच्या जागी मोजला जायचा, कोपी गणकाच्या नजरेतून सुटली तर कुठंच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत हंगामी स्थलांतरित म्हणजे कामासाठी एक महिना ते सहा महिने बाहेर राहिलेला. हंगाम सहा महिन्यांच्या पुढं गेला की आपली जोडी व्याख्येतून बाहेर. आणि पाहणी करणारा हंगामात गावात आला तर घराला कुलूप.

म्हणून ‘ऊसतोड कामगार किती’ याचा एकच ठाम आकडा सिनॉप्सिसमध्ये ठोकून देऊ नका. आकडा कोणी, कोणत्या महिन्यात, कुठं उभं राहून मोजला, ते लिहा. परीक्षक खूश होतील, आणि तुमचाही गोंधळ कमी होईल.

तुमच्यासाठी काम

तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य सिद्धांत घ्या. मूळ पुस्तकातलं किमान एक प्रकरण वाचा. मग एका कागदावर लिहा: या सिद्धांतातला माणूस कुठं राबतो, कुठं झोपतो, कुठं मत देतो, आजारी पडला की कुणाच्या दारात जातो. शेजारी तुमच्या गावातल्या माणसाची तीच चार उत्तरं लिहा. उत्तरं जुळली तर सिद्धांत निर्धास्त वापरा. जिथं जुळणार नाहीत, तिथून तुमचं दुसरं प्रकरण सुरू करा.

माझा सिनॉप्सिस दुसऱ्या वेळी मंजूर झाला. शीर्षकातून ‘समावेशन’ काढलं होतं. त्याच सरांनी पुन्हा एकच प्रश्न विचारला: “ही जोडी फडावर आजारी पडली, तर कुणाला सांगते?” मी म्हणालो, “मुकादमाला, सर. तिथं दुसरं कुणी ओळखीचं नसतं.” ते म्हणाले, “मग तिथून सुरू करा.”

सध्या तेच करतोय.